जीभ कोणाची घसरते आणि कोण बरळतं? मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक, आउटपुट हेड आणि रात्रपाळीला पडद्याखालच्या पट्ट्या लिहिणाऱ्या माझ्या जुन्या सोबत्यांनो,

सप्रेम नमस्कार.

10 फेब्रुवारी 2025, सोमवार, संध्याकाळचे साडेसात. आमच्या धायरीच्या घरी एका शेगडीवर भात आणि दुसरीवर पिण्याच्या पाण्याचं भलंमोठं पातेलं. त्या दिवसांत सिंहगड रस्त्यावर घरोघरी हेच चित्र होतं. जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या घरात पोचला होता. नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी ही नावं रोज ऐकू येत होती आणि सगळ्यांचा संशय पाण्यावर होता. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, बातम्या लावून बसल्या होत्या. नांदेड गावच्या विहिरीच्या पाण्याबद्दल आज काही सांगतात का, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

टीव्हीवर यूट्यूबर रणवीर अलाहबादिया होते. चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ, मग ते वाक्य, मध्ये बीप, की परत वर्तुळ आणि परत तेच वाक्य. सात वेळा मोजलं आणि भात उतरवायला उठले. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, असं काय बोलला तो एवढं?" मी म्हटलं, "काही नाही, घाण बोलला." "कुठं?" "यूट्यूबवर, कसल्याशा कार्यक्रमात." "मग ते आपल्या घरात कशाला आणतायत?" मी उत्तर शोधत होते तेवढ्यात माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याने बीपच्या जागचा शब्द भरून अख्खं वाक्य आजीला ऐकवलं. शब्दकोड्यात मोकळी चौकट दिसली की मुलं ती भरणारच.

पाण्याची बातमी आली का? आली. नऊला पाच कमी असताना, सुपरफास्ट शंभरमध्ये, बहुधा बासष्टाव्या क्रमांकावर.

रणवीर यांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. आईवडिलांबद्दल ते जे बोलले ते गलिच्छ होतं आणि त्यांनी स्वतःच माफी मागितली. माझी तक्रार तुमच्याकडे आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी माझ्याकडेही. 2014 ते 2021 अखेर मी एका मराठी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर उपसंपादक होते. वाहिनीचं नाव सांगत नाही. जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं माझ्याच बोटांनी टाइप झालेलं आहे, तेव्हा नाव घेऊन दुसऱ्यावर ढकलण्यात अर्थ नाही.

आमच्या डेस्कवर एक फाइल होती, 'तयार पट्ट्या' नावाची. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी ती त्याच्या संगणकावर टाकून द्यायची. आत नावापुरती जागा रिकामी ठेवलेली वाक्यं. अमुक यांची जीभ घसरली. अमुक बरळले. अमुक यांची मुक्ताफळे. अमुक यांनी तोडले अकलेचे तारे. अमुक यांनी थेट सुनावलं. अमुक यांचं रोखठोक मत. अमुक यांचा घरचा आहेर. बातमी आली की नाव भरायचं आणि एंटर मारायचा. पण कोणतं नाव कोणत्या वाक्यात भरायचं, हे त्या फाइलीत लिहिलेलं नव्हतं. ते महिनाभरात आपोआप अंगवळणी पडायचं आणि कुणी कुणाला शिकवलंय असं वाटायचंही नाही. आपल्या धंद्यातला पक्षपात नेमका या जागी आहे असं मला वाटतं. मालक कोण, जाहिरात कोणाची, सरकार कुठल्या पक्षाचं, यावर बाहेरचे लोक भरपूर बोलतात आणि त्यात तथ्यही असेल. पण प्रेक्षकाने ते वाक्य स्वतः ऐकण्याआधीच त्याचा निकाल लावून मोकळं होतं ते तुमचं क्रियापद.

नोव्हेंबर 2021 आठवा. 8 तारखेला कंगना रणौत यांना राष्ट्रपती भवनात पद्मश्री मिळाली. दोनच दिवसांनी एका इंग्रजी वृत्तवाहिनीच्या समारंभात त्या म्हणाल्या की 1947 ला मिळालं ते स्वातंत्र्य नव्हतं, ती भीक होती; खरं स्वातंत्र्य 2014 ला मिळालं. गुरुवारी, 11 तारखेला, सकाळच्या पाळीला मी होते. पट्टी गेली: 'कंगना बरळली'. रविवारी, 14 तारखेला, पुण्यात विक्रम गोखले यांनी जाहीरपणे सांगितलं की कंगना यांचं म्हणणं आपल्याला पटतं. वाक्य तेच, शब्दही तोच, भीक. त्या दिवशीही पाळी माझीच होती. हात सवयीने 'बरळले' टाइप करायला गेले आणि पाळीप्रमुख मागून म्हणाले, "अगं, गोखलेसाहेबांना बरळले कसं लिहिणार? लोक जोड्याने मारतील." पट्टी गेली: 'ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले यांचं खळबळजनक विधान'.

तीन दिवसांत एकाच मताची दोन वजनं झाली आणि तराजू माझ्या हातात होता. गोखले आता हयात नाहीत. त्यांच्याविषयी माझ्या मनात अढी नाही, रंगभूमीवरचा तो माणूस मला फार आवडायचा. त्यांच्यासाठी लिहिलेली पट्टीच योग्य होती असं मी आजही म्हणेन. प्रश्न एवढाच, की तीच कंगना यांच्यासाठी का सुचली नाही? बाई आहे म्हणून, हिंदी आहे म्हणून, आधीपासून 'वादग्रस्त'च्या खणात ठेवलेली आहे म्हणून? मला वाटतं, तिन्हीमुळे. उलट ज्या डेस्कला ते वाक्य मनातून पटलं होतं, तिथे त्याच दिवशी 'रोखठोक' झळकलं. म्हणजे मत कोणतंही असो, बातमी वाचायच्या आधी प्रेक्षकाला कळतं की चिडायचं आहे की टाळ्या वाजवायच्या आहेत.

आणि टाळ्यांवरून आठवलं. त्या समारंभात ते वाक्य आलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या होत्या. पाहुणी वाहिनीची, मंच वाहिनीचा, टाळ्याही वाहिनीच्या पाहुण्यांच्या. दुसऱ्या दिवशी त्याच वाहिनीने या मताशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं. आग लावायची आपण आणि बंब घेऊन धावायचंही आपणच. आमच्या पट्टीत त्या टाळ्या कुठेच नव्हत्या, कारण टाळ्यांसाठी फाइलीत वाक्य नव्हतं.

तुम्ही म्हणाल, टीआरपी. आठ वर्षं मीही हेच म्हणत होते. देशभरातल्या 60 हजारांहून कमी घरांत टीआरपी मोजणारे मीटर, त्यांच्यावर दर गुरुवारी येणारे आकडे, आणि त्या आकड्यांवर गुरुवारी दुपारी केबिनमध्ये होणारी झाडाझडती. पण गंमत बघा. टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर 2020 मध्ये टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडेच थांबवले, ते थेट मार्च 2022 ला परत सुरू झाले. सतरा महिने गुरुवार कोरडे गेले. कंगना यांची पट्टी मी टाइप केली तोही गुरुवार होता आणि त्या दिवशी कुणाचाच आकडा येणार नव्हता. तरी 'बरळली'च गेली. शेजाऱ्याच्या पडद्यावर काय चाललंय हे दाखवणारी भिंत समोर होती, शेजाऱ्याने लावलं म्हणून आपण लावलं. सवय लागली की बक्षीस बंद झालं तरी माकड उड्या मारतच राहतं. हे मी स्वतःबद्दल बोलतेय.

आता 'जीभ घसरली' या लाडक्या वाक्याकडे या. जून 2016. एका चित्रपटाच्या कुस्तीच्या दृश्यांबद्दल बोलताना सलमान खान म्हणाले की आखाड्यातून बाहेर पडताना आपल्याला बलात्कार झालेल्या बाईसारखं वाटायचं. राष्ट्रीय महिला आयोगाने नोटीस काढली. वडील सलीम खान यांनी मुलाच्या वतीने माफी मागितली. स्वतः सलमान यांनी मागितली नाही. 6 जुलैला चित्रपट लागला आणि देशातच 300 कोटींच्या पुढे गेला. त्या आठवड्यात आमच्याकडे चाललं ते 'सलमानची जीभ घसरली'. व्याकरण बघा. घसरली ती जीभ. माफी मागितली ती वडिलांनी. माणूस या वाक्यात कुठे आहे? केळीच्या सालीवरून घसरावं तसं एक अवयव घसरला, त्याला मालक काय करणार! कंगना यांची जीभ आमच्या पट्टीत कधी घसरली नाही. त्या अख्ख्याच बरळत असत.

मराठीत आणखी एक हत्यार आहे, जे हिंदी-इंग्रजीवाल्यांना आपल्याइतकं सहज जमत नाही: एकेरी. नटनट्यांना आपण एकेरीत लिहितो, खेळाडूंनाही. लता मंगेशकर, दिलीपकुमार यांच्या वयाला पोचलात की मगच 'म्हणाले' आणि 'यांनी'. पुढारी मात्र काहीही बोलला, आईबहिणीवरून बोलला, तरी 'म्हणाले', 'यांनी', 'साहेब'. इथवर चालून गेलं असतं, वापरातली भाषा आहे ती. पण एखादी नटी वादात सापडली की आडनाव गळून पडतं, 'केतकीला अटक', 'कंगनाला झटका', जणू शेजारच्या घरातली मुलगी उशिरा घरी आली आणि गॅलरीतून बातमी सांगतोय. तुमच्या लक्षात आलं असेल, या पत्रात मी सगळ्यांना आदरार्थी लिहितेय, रणवीर आणि सलमान यांनाही. (बोलताना मात्र माझ्याही तोंडून 'घाण बोलला'च गेलं.) वाचताना खटकत असेल. मलाही लिहिताना खटकतंय. खटकू द्या.

अभिनेत्री केतकी चितळे यांचं प्रकरण झालं तेव्हा मी नोकरी सोडली होती, म्हणून ते मी प्रेक्षक म्हणून पाहिलं. मे 2022. शरद पवार यांच्यावरची एक कविता त्यांनी फेसबुकवर टाकली. त्यांनी स्वतः लिहिलेली नव्हती, दुसऱ्याच्या नावाने फिरत होती. माणसाच्या आजारपणावर आणि शरीरावर उतरलेल्या त्या ओळी वाचून मलाही किळस आली. 14 मेला ठाणे पोलिसांनी त्यांना अटक केली. कळंबोलीला पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांच्यावर शाई आणि अंडी फेकली गेली. त्या सुटल्या 23 जूनला, म्हणजे सुमारे 40 दिवसांनी.

शाईफेकीची दृश्यं दिवसभर फिरत होती. पोलिसांच्या कड्यातली एक बाई, तिच्यावर धावून येणारा जमाव, आणि मी पाहत होते त्या वाहिनीवर खाली पट्टी: 'महिला कार्यकर्त्या आक्रमक'. हा 'आक्रमक' तुम्ही नीट बघा. आपल्या पट्ट्यांतला सगळ्यात निरागस शब्द. बसच्या काचा फुटल्या की कार्यकर्ते आक्रमक. कोणाच्या तोंडाला काळं फासलं की कार्यकर्ते आक्रमक. फलंदाज षटकार मारायला लागला की तोही आक्रमक. फेसबुकवरच्या ओळी 'आक्षेपार्ह' आणि अंगावर आलेली अंडी 'आक्रमक', हा हिशेब ज्याने मांडला त्याला मी ओळखत नसले तरी त्याची खुर्ची ओळखते. मी त्याच खुर्चीवर बसायचे.

हे 'आक्रमक' कसं तयार होतं तेही एकदा लोकांना कळू दे. असाइनमेंटच्या फोनवर सकाळी नऊला कार्यकर्त्याचा फोन. "ताई, आपण बाराला जोडे मारो करतोय, कॅमेरा पाठवा." कॅमेरा ट्रॅफिकमध्ये अडकला तर साडेबारा. मी कॅमेरामनबरोबर एकदा गेले होते, कोणत्या शहरात ते राहू दे. आठ माणसं होती. फोटोला जोडे मारून झाले, फोटो जाळून झाला, घोषणा झाल्या आणि मग दुसऱ्या वाहिनीचा बूम, म्हणजे माइक, आला. मग पिशवीतून दुसरा फोटो निघाला. तिसरा फोटोही होता, लागला तर असावा म्हणून. आठांपैकी एकाने माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, हा नक्की काय बोलला हो?" संध्याकाळी पट्टी लागली: 'राज्यभरात संतापाची लाट'. लाट मी डोळ्यांनी पाहिली होती. एका टेम्पोत मावली असती.

मग फोनो, म्हणजे फोनवरून थेट प्रतिक्रिया. ज्याच्या भावना दुखावल्यात तो एक, विरुद्ध पक्षाचा एक, आणि सगळ्यांवर बोलायला सदैव मोकळा असलेला एक. विमानतळावर पुढाऱ्याच्या तोंडापुढे मोबाइल धरून, "साहेब, अमुक असं म्हणाले, तुम्ही काय म्हणाल?" साहेबांनी ते ऐकलेलंच नसतं. आपणच ऐकवतो, तेही आपल्या क्रियापदासकट, आणि मग त्यांची प्रतिक्रिया 'संतप्त' येते. पाण्याच्या बातमीला थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन लागते, महापालिकेच्या दारात दोन दिवस घालवणारा वार्ताहर लागतो, प्रयोगशाळेचा कागद लागतो. वाक्याच्या बातमीला फोनवर आलेली क्लिप पुरते. शिवाय वाक्य कोणावर दावा ठोकत नाही.

त्याच फेब्रुवारीत, रणवीर यांच्या आधी आठवडाभर, अभिनेते राहुल सोलापूरकर यांचं प्रकरण झालं. शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका पेटाऱ्यांतून झाली नाही, लाच देऊन झाली, असं ते एका मुलाखतीत म्हणाले होते. महाराष्ट्र पेटला. त्यांनी माफी मागितली, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचं विश्वस्तपद सोडलं. मलाही ते ऐकून राग आला, लपवत नाही. पण हे विधान आणि रणवीर यांचं विधान एकाच जातीचं आहे का? एक गलिच्छ विनोद आहे. त्यात खरंखोटं तपासायला काही नाही, आवडला किंवा किळस आली एवढंच. दुसरं इतिहासाबद्दलचा दावा आहे. तो पुरावे मांडून खोडता येतो. 17 ऑगस्ट 1666 च्या त्या सुटकेबद्दल आपल्याकडे केवळ बखरी नाहीत. महाराज आग्र्यात मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा रामसिंह याच्या जबाबदारीवर होते आणि रामसिंहाच्या माणसांनी त्या दिवसांत आंबेरला धाडलेली राजस्थानी पत्रं उपलब्ध आहेत. ती कोणी आणि कधी लिहिली, त्यांत काय आहे, हे सांगणारे अभ्यासक याच पुण्यात चहाच्या अंतरावर राहतात. शिवरायांबद्दल जिव्हाळा असलेल्या प्रेक्षकाने ते तासभर ऐकलं असतं. मला त्या दोन दिवसांत इतिहासाचा अभ्यासक एकदाच दिसला, सहा चौकटींपैकी खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत. त्याचे ओठ हलत होते आणि आवाज शेजारच्या चौकटीतल्या प्रवक्त्याचा येत होता.

कुठल्याही बोलण्याला 'वादग्रस्त विधान' म्हटलं की हा फरक पुसला जातो. बाईचा अपमान, इतिहासातली चूक, घाणेरडा विनोद, सरकारवरची टीका, सगळं एका पोत्यात. पोतं फुगलेलं दिसतं आणि आत काय आहे ते कुणी बघत नाही. सरकारवरची टीकाही याच पोत्यात जाते, हे पोतं बांधणाऱ्यांना फार सोयीचं असतं. ते मी तुम्हाला सांगायला नको.

शेवट सांगायचाही आपल्याला कंटाळा. जानेवारी 2019 मध्ये करण जोहर यांच्या गप्पांच्या कार्यक्रमात सोफ्यावर बसून हार्दिक पंड्या बाईमाणसांबद्दल जे बोलले त्यावर आम्ही चार दिवस काढले. यजमान त्यावर हसत होते, ते अर्थातच पट्टीत नव्हतं. पंड्या आणि के. एल. राहुल यांना क्रिकेट मंडळाने ऑस्ट्रेलियातून परत बोलावलं, त्यावर आणखी दोन दिवस. एप्रिलमध्ये मंडळाचे लोकपाल, निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी दोघांना प्रत्येकी 20 लाखांचा दंड केला: 10 लाख निमलष्करी दलातल्या दहा हुतात्मा जवानांच्या कुटुंबांना आणि 10 लाख अंध क्रिकेटपटूंच्या निधीला. आमच्या रनडाऊनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या क्रमयादीत, ही बातमी खेळाच्या शेवटी वीस सेकंद होती. मीच कापून पंधरा केली, जाहिरात वाढली म्हणून.

न्यायालयाच्या बातम्यांतही तेच. 18 फेब्रुवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने रणवीर यांना अटकेपासून अंतरिम संरक्षण दिलं. सुनावणीत न्यायमूर्तींनी तोंडी फार कडक शब्द वापरले, मनात घाण आहे इथपर्यंत. पट्ट्या काय होत्या ते आठवा: झापलं, फटकारलं, कान उपटले. हे शब्द ऐकून माणूस आत गेला असंच कुणालाही वाटेल. सासूबाईंना तसंच वाटलं. न्यायमूर्ती बोलता बोलता काय म्हणाले ही एक गोष्ट आणि आदेशात काय लिहिलं ही दुसरी, हा फरक विधी वार्ताहराला झोपेतही कळतो. त्याला फोनोवर घेता, तो सांगत असतो, आणि तुमची पट्टी त्याच्या छातीवरून 'कान उपटले' म्हणत सरकत असते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं ते. रणवीर ते वाक्य बोलले त्याच यूट्यूब कार्यक्रमात समाजमाध्यमांवरच्या अपूर्वा मखिजा होत्या. आईवडिलांबद्दलचं ते वाक्य त्यांचं नव्हतं. त्या वेगळं बोलल्या होत्या, तेही उर्मट आणि आचरटच होतं. दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, त्यांनी आपल्याला आलेल्या धमक्यांचे स्क्रीनशॉट लोकांपुढे ठेवले. बलात्काराच्या धमक्या, ॲसिडच्या धमक्या. एकाच खोलीत पुरुषही बसले होते. त्यांनाही धमक्या आल्या, रणवीर यांच्या आईच्या दवाखान्यात लोक पेशंट बनून घुसले, असं त्यांनी स्वतः सांगितलं. तेही वाईटच. पण ॲसिड आठवलं ते बाईकडे बघूनच.

त्या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात आक्षेपार्ह मजकूर कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ते स्क्रीनशॉट दाखवीन. ते शब्द कुणाचीच जीभ घसरून आलेले नव्हते, सावकाश टाइप करून पाठवलेले होते. मी त्या दिवशी तीन मराठी वाहिन्या आलटून पालटून लावल्या. एकीवर बातमी होती, मनोरंजनाच्या भागात. शीर्षकात 'ट्रोलिंग' हा शब्द. ॲसिड फेकू म्हणणं म्हणजे ट्रोलिंग! फाइलीत याच्यासाठी वाक्य नाही, कारण ज्याचं नाव रिकाम्या जागी भरायचं तो कुणी प्रसिद्ध माणूस नाही. तो आपला प्रेक्षक आहे. सात वेळा वर्तुळ फिरवून आपण ज्याला चिडायला सांगितलं, तो. तो आपल्या सांगण्यावरून चिडला आणि त्याच्या परीने 'आक्रमक' झाला, असं मला तरी दिसतं.

तुमच्याकडे फार मोठं काही मागत नाही. पगार मला माहीत आहेत, पाळ्या माहीत आहेत. दिवाळीच्या पाडव्याला घरी जाता येत नाही तेही माहीत आहे. पुढच्या वेळी कुणी काही बोललं की एक दिवस सगळ्यांना 'म्हणाले' आणि 'म्हणाल्या' लिहून बघा, नटीलाही आणि पुढाऱ्यालाही. पट्टी मिळमिळीत होईल. होऊ द्या, शब्द खरेच वाईट असतील तर प्रेक्षकाला ते कळतात, त्याला दात आहेत. ते वाक्य एकदा दाखवा. शिवी असेल तर शिवी दिली असं सांगा आणि पुढे चला. जोडे मारायला आठ माणसं होती तर आठ म्हणा. आणि जिथे वाक्य म्हटलं गेलं तिथे कोण हसलं, कोणी टाळ्या वाजवल्या, मंच कोणाचा होता, तेही दाखवा, मंच आपल्याच भावकीतल्या वाहिनीचा असला तरी.

ती 'तयार पट्ट्या'ची फाइल माझ्या जुन्या पेनड्राइव्हवर अजून आहे. परवा उघडली. शंभरावर वाक्यं आहेत, त्यातली तीसेक माझी. 'महाराष्ट्र हादरला' माझंच. पाणी, विहीर, अहवाल, टाकी असले शब्द शोधून पाहिले, एकही सापडला नाही.

सासूबाई अजून पाणी उकळूनच पितात. दर दोन-चार दिवसांनी विचारतात, नांदेड गावच्या त्या विहिरीचं पुढे काय झालं, गाळण्याची सोय केली का, की अजून नुसतं क्लोरीन मारूनच सोडतायत? मी त्यांना म्हटलंय, माझे जुने सोबती आहेत, विचारून सांगते. कुणाला माहीत असेल तर कृपया पट्टीत लिहा. त्या रोज साडेसातला बसतात.

आपली,
डेस्कवरची एक जुनी सहकारी
धायरी, पुणे